पाण्यात कळतं म्हणे

"ताई, तुम्ही वजनं उचलता ना? पाण्यात कळतं."

एवढंच म्हणाली शेजारच्या लेनमधली मुलगी, आणि गॉगल ओढून निघूनही गेली. सकाळपासून मी त्यावरच अडलेय. काय कळतं?

खांद्यांचं कौतुक म्हणावं, तर खांदे पाण्याबाहेरही दिसतात. पाण्यात दिसतात ते खाली जाणारे पाय. स्नायू पाण्यापेक्षा जड, लिटरमागे साधारण १.०६ किलो. चरबी ०.९ च्या आसपास, म्हणजे ती बिचारी तरंगवते तरी. योक (खांद्यावर जड चौकट घेऊन चालणं) आणि सँडबॅगनं (वाळूची पोती उचलून) कमावलेल्या ज्या मांड्या आरशात बघून सुखावते, त्याच पाण्यात नांगर झाल्यात. पोहण्याचे सर म्हणतात, पाय सगळ्यांचेच खाली जातात, हवा छातीत असते ना. वजनांना दोष देऊ नकोस. सरांचं काय जातंय म्हणायला.

धाकटीचं जुनंच टुमणं: काहीतरी एक धर. वर रॉबर्ट हिक्सनचा १९८० चा अभ्यास ऐकवते. दहा आठवडे ताकद आणि दमसास दोन्ही एकदम करणाऱ्यांची ताकद आधी वाढली, मग थांबली आणि शेवटी घसरली. पण ती माणसं आठवड्यातले पाच दिवस वजनं आणि सहा दिवस धावणं-सायकल करत होती! तेवढं केलं तर मला जिनाही चढवणार नाही. मी तिला एडी हॉल ऐकवते: पोरवयात राष्ट्रीय पातळीवरचा जलतरणपटू, २०१६ मध्ये ५०० किलोची डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून ताठ उभं राहणं), २०१७ मध्ये 'वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन'. त्यावर ती माझ्याकडे आपादमस्तक बघते. असो.

मग दुपारी भांडी लावताना वाटलं, तिला श्वास तर कळला नसेल? दगड उचलायचा तर पोटात हवा भरून कोंडायची, बेल्टवर दाब द्यायचा, दगड छातीशी येईपर्यंत सोडायची नाही. ही सवय आता हाडात मुरलीय. पाण्यात नेमकं उलटं. तोंड पाण्याखाली असताना सोडत राहायचं, म्हणजे मान वळवली की फक्त घ्यायचं उरतं. मी पाण्यातही कोंडते. मग मान वळल्यावर सोडणं आणि घेणं दोन्ही त्या क्षणभरात उरकायचं, आणि लॅप संपेतो छाती फुटायची वेळ. शेजारून जाणाऱ्याला माझ्या तोंडाभोवती बुडबुडेच दिसत नसणार. तसं असेल तर पोरीची नजर चांगली आहे म्हणायची. तरी टोचलंच. इतकी वर्षं पाण्यात काढून... जाऊ दे.

पण मग फार्मर्स वॉकला, म्हणजे दोन्ही हातांत जड हँडल धरून चालताना, कोणी का नाही सांगत? पूर्वी हँडल हातातून सुटायच्या आधीच माझा दम संपायचा. हल्ली पकड जाते, दम शिल्लक असतो. तो काय आभाळातून पडला? "ताई, तुम्ही पोहता ना? चालताना कळतं," असं म्हणणारं जिममध्ये एक माणूस नाही. सगळे आरशात.

शनिवारी लॉग प्रेस (ओंडक्यासारखं जड वजन डोक्यावर ढकलणं) आहे आणि उजवा खांदा आत्ताच कुरकुरतोय. डोक्यावर ढकलणं काय, फ्रीस्टाइल काय, भार शेवटी त्याच बारक्या स्नायूंवर. म्हणून उद्या हात बंद, किकबोर्ड, म्हणजे तरंगती फळी, धरून नुसते पाय मारायचे. त्यात तर मला लहान मुलांची बॅचही मागे टाकते.