पुठ्ठ्यांवरचे रंग

सोमवार

आमचा हॉल नव्याने करायचा ठरलाय, म्हणून ताईने आज पुन्हा फोटोंचा रतीब घातला. हॉलचे फोटो, बेडरूमचे फोटो, कुणाच्या तरी बाल्कनीतला झोपाळा. सुंदर आहेत, वाद नाही. पण एकाही फोटोत चार्जरची वायर लोंबत नाही, सोफ्याच्या हातावर ओला टॉवेल नाही, कोपऱ्यात दप्तर फेकलेलं नाही. माणसांना बाहेर काढून टिपलेली घरं ही. शिवाय कॅमेरा कोपऱ्यात लावलेला आणि लेन्स रुंद, म्हणजे खोली आहे त्याहून ऐसपैस दिसणारच.

म्हणून आज एक उद्योग केला. साठवलेल्या प्रत्येक फोटोखाली एकच ओळ लिहायची: यातलं नेमकं काय आवडलं? ‘सगळंच’ हे उत्तर बाद. सगळं लिहून झाल्यावर वाचायला घेतलं तर फर्निचरचा उल्लेख फारच थोड्या ठिकाणी. खिडकी, खिडकीचा उजेड, भिंतीवर तिरपं पडलेलं ऊन, जमिनीजवळचा दिवा, परत खिडकी. फोटोतली खिडकी हाताने झाकली की उरलेल्या खोलीचा सगळा रुबाब उतरतो. करून बघण्यासारखं आहे.

खिडकी काही विकत आणता येत नाही. पण आलेल्या उजेडाचं पुढे काय करायचं ते आपल्या हातात असतं. वास्तुविशारद लुइस बारागान यांचं मेक्सिको सिटीतलं राहतं घर आठवलं. १९४८ सालचं घर, २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. तिथे आतल्या दालनात मातियास गेरित्झ या कलावंताचा सोनेरी वर्खाचा फलक आहे. उजेड त्या फलकावर पडतो आणि तिथून उसळून गुलाबी भिंतीवर आणि जिन्यावर पसरतो. लोक त्या गुलाबी भिंतीचे फोटो जपून ठेवतात. माझं लक्ष मात्र त्या फलकावरच अडकतं.

आपल्या हॉलला सोनेरी वर्ख नको, पण खिडकीसमोरच्या भिंतीला टेकून उभं असलेलं ते काळपट कपाट सगळा उजेड गिळून बसलंय. त्याची जागा बदलायची. पहिलं काम हे.

बुधवार

शेड कार्ड आलं. रंगांना नावं देणाऱ्या माणसाला एकदा भेटायला हवं. प्रत्येक कंपनीत एक तरी अडलेला कवी बसवलेला असणार. एकाच राखाडीची पाच नावं, पाचही पावसाशी संबंधित!

कार्डाची खरी अडचण नावांची नाही. रंगाचा तुकडा नखाएवढा आणि त्याच्या भोवती पांढरी चौकट. पांढऱ्याच्या शेजारी कुठलाही रंग जरा गडदच दिसतो. तोच रंग भिंतभर लागला की चौकट जाते, आणि त्याच्या शेजारी येतात आपला सोफा, आपली फरशी, आपलं दार.

यावर सगळ्यात चांगला किस्सा शेव्हरोल यांचा. पॅरिसमध्ये गोबेलिन्स नावाची भित्तिपटांची प्रसिद्ध विणकामशाळा आहे. १८२४ साली हे रसायनशास्त्रज्ञ तिथल्या रंगविभागाचे प्रमुख झाले. तक्रारी येत होत्या की काळ्या धाग्याला दम नाही, काळा काळा दिसत नाही. शेव्हरोल यांनी रंग तपासला, दुसरीकडच्या काळ्या लोकरीशी ताडून पाहिला. रंगात काही खोट नव्हती. काळा धागा निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणला जात होता आणि शेजाऱ्यांमुळे फिका पडत होता. शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना कसे बदलतात याचा नियमच त्यांनी मांडला, १८३९ साली त्यावर मोठा ग्रंथ काढला. 

तर आम्हीही शेजार तपासायचा ठरवला. नमुन्याचे छोटे डबे आणले आणि मोठमोठ्या पुठ्ठ्यांवर कडेपर्यंत दोन-दोन हात मारले. कडेला पांढरं ठेवायचं नाही. ओल्या रंगावर मत द्यायचं नाही, कारण वाळल्यावर तो बदलतो. आणि पुठ्ठा टेबलावर आडवा ठेवून बघायचा नाही. भिंत उभी असते, तिच्यावर उजेड वेगळ्या कोनातून पडतो.

राखाडीचा एक पुठ्ठा आमच्या मरून सोफ्यामागे उभा केला, आणि लेक म्हणाली, “आई, हा दुसराच आहे ना? हा हिरवट आहे.” पुठ्ठा तोच. खिडकीजवळ नेला की साधा राखाडी, सोफ्यामागे आला की हिरवट. लालसर रंगाच्या शेजारी राखाडीने हिरव्याकडे झुकावं हेच शेव्हरोल यांच्या नियमात बसतं. तिला समजावून सांगितलं, तिने मान डोलावली, आणि तरीही आम्ही दोघींनी पुठ्ठा परत परत नेऊन पाहिला. डोळ्यांना माहिती देऊन उपयोग नसतो, ते आपलंच खरं करतात.

शुक्रवार, रात्री

कार्डाच्या मागे बारीक अक्षरात एक आकडा असतो, एलआरव्ही. भिंत किती उजेड परतवते त्याचं माप. ० म्हणजे सगळा गिळणारा काळा, १०० म्हणजे सगळा परतवणारा पांढरा. नावापेक्षा हा आकडा वाचावा. शेजारी-शेजारी छापलेल्या, जवळपास सारख्या वाटणाऱ्या दोन छटांत या आकड्याचा चांगला फरक निघतो, आणि संध्याकाळी दिवा किती लवकर लावावा लागणार ते त्यावर ठरतं.

रंगारीकाकांचं मत ठरलेलं: “ताई, पांढरा लावा. पांढरा कधी चुकत नाही.” माझं मत उलटं आहे. पांढऱ्याइतका दुसऱ्याचं ऐकणारा रंग नाही. बाहेर झाड असेल तर तो हिरवट होतो, फरशी तांबडी असेल तर खालची हातभर भिंत तांबूस होते. आणि ज्या खोलीत मुळात उजेडच येत नाही तिथे पांढरा नुसता मळकट दिसतो. परतवायला काही आलं तर पाहिजे ना! आमच्या मधल्या बोळवजा जागेला खिडकी नाही, तिथे मी मुद्दाम गडद निळा सुचवलाय. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग ह्याच्याकडे पाहिलं. हा म्हणाला, “करा तिचं म्हणणं.”

खिडकीची दिशाही बघायला हवी. उत्तर गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतून ऊन फारसं आत येत नाही, येतो तो बहुतेक आकाशाचा उजेड. तो निळसर असतो आणि थंड राखाडीला आणखी थंड करतो. दक्षिण गोलार्धात हेच दक्षिणेच्या खिडकीचं. पश्चिमेची खिडकी सकाळी गुमान असते आणि संध्याकाळी भिंत पेटवते. आमचा हॉल पश्चिमेचा. म्हणून सगळे पुठ्ठे सकाळी, दुपारी, दिवेलागणीला आणि दिवे लावल्यावर, अशा चारही वेळांना बघायचं ठरलं. दिवसाउजेडी आवडलेला एक पिवळसर पुठ्ठा रात्री बाद झाला, कारण आम्ही हॉलमध्ये असतोच मुळी रात्री.

मग दिव्यांकडे मोर्चा वळला. आत्ता छताच्या बरोबर मध्यभागी एकच पांढरा दिवा आहे. तो लावला की हॉल डॉक्टरांच्या वेटिंग रूमसारखा होतो, सगळे आपला नंबर यायची वाट बघत बसलेले. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो: २७०० म्हणजे पिवळसर, ४००० मधला, ६५०० निळसर पांढरा. लोक वॅट बघतात आणि हा आकडा बघतच नाहीत. मग एकाच खोलीत एक बल्ब पिवळा, दुसरा निळा, आणि भिंतीचा रंग कुठला ते कुणालाच सांगता येत नाही.

खोक्यावरचा दुसरा आकडा सीआरआय, रंग किती खरे दिसतात त्याचा. कमाल १००. साधे एलईडी ८० च्या आसपास असतात, ९० च्या वरचे मिळतात आणि घ्यावेत. कमी प्रतीच्या उजेडात सगळ्यात आधी मरतो तो लाल. आमचा मरून सोफा रात्री चॉकलेटी दिसतो याचं खापर इतके दिवस सोफ्यावर फुटत होतं.

ठरलं ते असं: छताचा दिवा राहू दे, केर काढताना लागतोच. पण रोजच्या संध्याकाळसाठी तीन कमी उंचीचे दिवे, सगळे २७०० चे. एक वाचायच्या खुर्चीमागे, एक कपाटावर, एक कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून. मंद करायचा स्विच बसवायचा असेल तर बल्बही तसा चालणारा लागतो, नाहीतर तो फडफडतो. हे इलेक्ट्रिशियनला आधी सांगायचं, भिंत फोडल्यानंतर नाही.

रविवार

आज घरभर वर्तमानपत्रं पसरली होती. नव्या बैठकीच्या मापाचे कागद कापून जमिनीवर चिकटवले आणि दिवसभर त्यांच्या कडेने वावरलो. कागदावर पाय पडला की ओरडायचं, असा लेकीने नियम केला. संध्याकाळपर्यंत कळलं की ती एल आकाराची बैठक बाल्कनीच्या वाटेत येते. नकाशावर वाट दिसत होती, हातात कपड्यांची बादली घेतल्यावर दिसेना. जायच्या-यायच्या वाटेला ७५ ते ९० सेंटिमीटर तरी मोकळे हवेत. सोफा आणि पुढचं टेबल यांत ४० ते ४५, म्हणजे गुडघे आपटत नाहीत आणि कप ठेवायला उठावंही लागत नाही.

माणसांची ये-जा मोजून घर आखणं म्हटलं की वास्तुविशारद मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांचं नाव घ्यावं लागतं. १९२६ साली त्यांनी फ्रँकफर्टच्या नव्या सरकारी वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं. अंदाजे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, एवढंच. कामाला लागणारा वेळ आणि हालचाल मोजलेली, रेल्वेच्या डायनिंग कारमधल्या स्वयंपाकघरावरून कल्पना घेतलेली. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बसवली गेली. रंग निळसर हिरवा होता, कारण त्या रंगावर माश्या बसत नाहीत असा समज होता. आज जिला आपण मॉड्युलर किचन म्हणतो तिची ही आजी. मला तिचं कौतुक आहेच, पण एक गोष्ट खटकते: तिथे एकच माणूस मावतो. दुसऱ्याने मदतीला यायचं म्हटलं तर पहिल्याने बाहेर जायचं. सोय कुणाची मोजायची हे आखणाऱ्याच्या डोक्यात आधीच ठरलेलं असतं.

एल आकार रद्द. तीन माणसांचा सरळ सोफा आणि दोन उचलता येतील अशा खुर्च्या. मरून सोफाच राहतोय, फक्त गाद्या नव्याने भरून घ्यायच्या.

मंगळवार

वस्तूंचा दिवस. ह्याला रिकामी भिंत आवडते, मला भरलेली. भांडण जुनं आहे.

माझ्या बाजूने मी नेहमी लंडनच्या सर जॉन सोन यांना उभं करते. गवंड्याचा मुलगा, मोठा वास्तुविशारद झाला. १८३३ साली त्यांनी संसदेचा कायदाच करून घेतला की आपल्या मागे हे घर आहे तसं ठेवायचं, आणि ते तसंच आहे. तिथली चित्रांची खोली लहानशीच, पण शंभराहून जास्त चित्रं मावलीत, कारण भिंतींना बिजागऱ्या आहेत. भिंत दारासारखी उघडायची, आत आणखी चित्रं. न्याहारीच्या खोलीत छतापाशी छोटे बहिर्गोल आरसे बसवलेत, त्यांत खोली पुन्हा पुन्हा दिसते.

“बिजागऱ्यांच्या भिंती करून दे, मग लाव सगळं,” असं म्हणून हा शेकर लोकांकडे वळला. अमेरिकेतला हा धर्मपंथ. भिंतीवर ओळीने लाकडी खुंट्या, आणि केर काढताना खुर्च्यासुद्धा उचलून खुंटीला टांगायच्या. जमीन मोकळी, भिंत मोकळी. ते फोटो मलाही मोह घालतात, हे ह्याला सांगायचं नाही.

तडजोड: एक भिंत माझी, बाकीच्या त्याच्या. माझ्या भिंतीवर चित्रांचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर धरतात, उभ्या माणसाच्या नजरेला येईल असा. पण हॉलमध्ये आपण बहुतेक बसलेलो असतो, म्हणून मी सगळं थोडं खाली घेणार आहे. आधी चौकटींच्या मापाचे कागद भिंतीला लावून बघायचे, मगच ड्रिल काढायचं.

गुरुवार

सुतारकाका येऊन गेले. पुस्तकांची फळी एका भिंतीपासून दुसऱ्यापर्यंत सलग हवी असं मला वाटत होतं, दिसायला देखणी. काकांनी नुसती मान हलवली. “वाकणार.” त्यांचं बरोबर आहे. पुस्तकांनी भरलेल्या फळीची लांबी आधारांमध्ये दुप्पट केली तर वाक सोळापट होतो. म्हणून मध्ये उभे आधार येणार, आणि फळीची खोली २५ सेंटिमीटर पुरे. खोल फळीवर पुस्तकांच्या दोन रांगा होतात आणि मागच्या रांगेला कुणी वाली राहत नाही.

पडद्याचा दांडा खिडकीच्या दोन्ही बाजूंना वीतभर जास्त घ्यायचा, म्हणजे पडदा उघडल्यावर काच पूर्ण मोकळी होते. नाहीतर खिडकीचा निम्मा उजेड पडद्याच्या चुण्यांतच अडकतो. कापड रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट लागतं. काटकसर केली तर चुण्या पडत नाहीत, नुसती चादर टांगल्यासारखं दिसतं. कापडाचा तुकडा आणून घरच्या दिव्याखाली बघितल्याशिवाय घ्यायचा नाही, दुकानाच्या उजेडात जुळलेले दोन रंग घरी येऊन वेगळे होतात.

आणि रंग. शेवटी तोच राखाडी घेतला, सोफ्यामागे हिरवट दिसणारा. सोफा तिथून हलणार नाही, म्हणजे आमच्यासाठी तो रंग हिरवटच आहे आणि तसाच आवडलाय. भिंतींना मॅट, कारण जास्त चमक घेतली की पुट्टीचे सगळे उंचवटे संध्याकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसतात. दारं-चौकटींना सॅटिन, हात लागून मळतात आणि पुसावी लागतात. बोळाचा निळा काकांनी स्वतःच्या वहीत लिहून घेतला आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मी पेन मागून ते खोडलं.