मनगट मोडलंय, प्लेट टाकायची का?

घरात कुणाचं मनगट मोडलं की नातेवाईकांचा पहिला प्रश्न, प्लेट कधी टाकणार, म्हणजे ऑपरेशन करून हाडाला धातूची प्लेट स्क्रूने कधी बसवणार? आईच्या वेळी पण तेच. वय ७१, ओल्या अंगणात घसरली, हात टेकला आणि मनगट पार वाकडं. पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं उद्याच अ‍ॅडमिट करा, काका म्हणाले पैशाकडे बघू नका, आणि आईचं एकच, कापाकापी नको गं.

मग दुसरीकडे दाखवलं. त्या डॉक्टरांनी एक्स-रेवर पट्टी ठेवून आम्हाला दाखवलं की हाड किती आखूड झालंय, मागे किती कललंय आणि चीर सांध्यात गेलीय का. सांध्यात हाडाचे तुकडे वरखाली होऊन २ मिलिमीटरच्या वर पायरी पडली असेल आणि पेशंट तरुण असेल तर ऑपरेशनच बरं, नाहीतर सांधा लवकर झिजतो. हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल किंवा बोटं बधिर होत चालली असतील तर थांबायचंच नाही. पण वय झालेल्या माणसाचं गणित वेगळं आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधे साठीच्या पुढच्या पेशंटवर अभ्यास झाला, २०२१ मधे छापून आला, त्यात वर्षाने बघितलं तर प्लेटवाल्यांचा आणि प्लास्टरवाल्यांचा हात जवळपास सारखाच चालत होता. प्लेटने हात लवकर मोकळा होतो हे खरंच, एकट्या राहणाऱ्या बाईला त्याची किंमत मोठी आहे, पण स्क्रू घासून टेंडन, म्हणजे बोटं हलवणारी दोरी, तुटायचा धोकाही त्यातच येतो.

प्लास्टर म्हणजे विसरून जा असंही नाही, आत हाड परत सरकू शकतं. ब्रिटनमधल्या २०२२ च्या अभ्यासात हाड बसवून नुसतं प्लास्टर घातलेल्या आठातल्या एकाला नंतर ऑपरेशन लागलंच, म्हणून पहिले दोन आठवडे दर आठवड्याला एक्स-रे काढायचाच. आणि बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची, आई टीव्ही बघता बघता मूठ उघडझाप करायची, दुखलं तरी.

आम्ही प्लास्टर केलं. मनगट बघितलं तर जरा वाकडं दिसतं, करंगळीच्या बाजूला हाड वर आलंय, पण ती कणीक मळते, वेणी घालते.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. या वयात नुसतं घसरून मनगट मोडतं म्हणजे हाडं ठिसूळ असणार, पुढचा नंबर खुब्याचा लागू शकतो, आणि पहिल्या दवाखान्यात प्लेटचं एस्टिमेट हातात दिलं पण हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनचं नावही काढलं नाही. आम्ही विचारून करून घेतला. ऑस्टिओपोरोसिस निघाला, औषध आता चालू आहे.