क्वांट फायनान्ससाठी विषय निवडताना माझा अनुभव

बीएस्सी मॅथ्सच्या तिसऱ्या वर्षाला ऑप्शनल विषय भरायचे होते तेव्हा मी आठ दिवस कोरा फॉर्म बॅगेत घेऊन फिरत होतो. घर सांगलीत, पप्पा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी, त्यामुळे वायदा, तेजी-मंदी हे शब्द लहानपणापासून कानावर आणि क्वांट फायनान्समध्येच, म्हणजे गणितानं बाजारातले भाव आणि जोखीम मोजायच्या कामात, जायचं हे नक्की होतं. म्हणून फायनान्सचं नाव असलेले दोन पेपर धरले आणि रिअल ॲनालिसिस, म्हणजे कॅल्क्युलसच्या काटेकोर सिद्धतांचा पेपर, सोडला, त्यात मार्क जातात असं सगळे सांगत होते.

फॉर्म द्यायच्या आदल्या रात्री सहज ऑप्शनची (ठरल्या भावानं घ्यायच्या-विकायच्या हक्काची) किंमत काढायचा ब्लॅक-शोल्सचा १९७३ चा फॉर्म्युला कुठून येतो ते बघायला बसलो आणि इटोच्या लेमापाशीच, म्हणजे अशा बेभरवशाच्या हालचालींवर कॅल्क्युलस लावायच्या नियमापाशीच, अडकलो. तो कळायला ब्राउनियन मोशन (सतत कशीही होणारी हालचाल) पाहिजे, त्याला प्रोबॅबिलिटी, ती नीट यायला मेजर (measure) थिअरी, म्हणजे मापनाचं गणित, आणि तिच्या खाली परत रिअल ॲनालिसिसच! शिवाय त्यातलं समीकरण व्हेरिएबल बदलले की आम्ही वर्गात सळईच्या तापमानासाठी सोडवलेलं हीट इक्वेशनच निघतं, हे बघून तर अंगावर काटाच आला. सकाळी सरांना विचारलं तर म्हणाले, "अरे, बाँड काय असतो ते सुट्टीत वाचून कळेल, ॲनालिसिस एकट्याला जमणार नाही." फॉर्म तिथंच बदलला. रिअल ॲनालिसिस, पीडीई (हीट इक्वेशनसारखी समीकरणं) आणि न्यूमेरिकल मेथड्स (उत्तरं कॉम्प्युटरवर आकड्यांत काढायच्या पद्धती) घेतलं.

स्टॅट्स मात्र माझ्या ग्रुपला नव्हतं, त्याची मला फार उणीव भासली, मग टाइम सिरीज (काळानुसार बदलणाऱ्या आकड्यांचा अभ्यास) एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर फुकटात केलं. पप्पांच्या वहीतले तीन वर्षांचे हळदीचे भाव पायथॉनमध्ये टाकले, रोजचे लॉग रिटर्न (आजचा भाव भागिले कालचा भाव, त्याचा लॉग) काढले आणि वर नॉर्मल डिस्ट्रिब्युशनची घंटीसारखी रेघ काढली तर दोन्हीकडच्या शेपट्या तिच्यापेक्षा कितीतरी जाड, म्हणजे टोकाचे चढ-उतार घंटी सांगते त्यापेक्षा जास्त वेळा. पप्पा स्क्रीनकडे बघत होते, टोकाच्या एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले, "ह्या दिवशी आवकच नव्हती, सौदे बारापर्यंत सुरूच झाले नव्हते." आणि मोठी हालचाल झाली की पुढचे चार-पाच दिवसही भाव हलतेच राहतात हेही दिसलं, ज्यासाठी अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट एंगलनं १९८२ मध्ये आर्च मॉडेल मांडलं.

आता जॅमला, म्हणजे एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेला, मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर देतोय. सी प्लस प्लस रात्री जेवण झाल्यावर. फायनान्सचं पुस्तक परीक्षेनंतर उघडणार.