आमची वाटचाल: आधी वजन, मग पत्ता

वाहतुकीच्या धंद्यात फोन आला की सगळे विचारतात, "कुठून कुठे जायचंय?" आम्ही विचारतो, "माल किती वजनाचा आहे?" पत्ता त्यानंतर. नवं गिऱ्हाईक यावर वैतागतं. जुनं गिऱ्हाईक मात्र आकडा सांगूनच बोलायला सुरुवात करतं.

आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भोसरीत हा धंदा सुरू केला तो आकुर्डीच्या बजाज टेम्पोच्या तीनचाकीवर. 2005 मध्ये टाटांचा एस आला, आपला छोटा हत्ती, आणि एमआयडीसीतल्या लहान शेडवाल्यांना पाऊण टनाची चारचाकी परवडू लागली. आण्णांनी एक घेतली, मग दुसरी, मग पिकअप. मी बी.कॉम. करून ऑफिसात बसले ती हिशेब बघायला. वह्या मांडल्यावर दिसलं, की ज्या महिन्यात भाडं भरपूर, त्याच्या पुढच्याच महिन्यात कमानीचे पाटे (गाडीचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या), टायर, क्लच प्लेट आणि बेअरिंगचा खर्च उसळलेला. जादा माल लादून मिळालेले पैसे जसेच्या तसे गॅरेजला जात होते. आण्णांना हे अंदाजाने ठाऊक होतंच, फक्त कागदावर कुणी दाखवलं नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडे गाडी भरते ती आरसी बुकातल्या आकड्यावर.

हा आकडा काढणं अवघड नाही. आरसीवर दोन वजनं असतात: रिकाम्या गाडीचं आणि मालासकट जास्तीत जास्त चालणारं. समजा आमच्या पिकअपचं रिकामं वजन 1,700 किलो आहे आणि भरलेलं 3,000. उरतात 1,300. बहुतेक जण इथेच थांबतात आणि 26 सिमेंटच्या गोण्या मागवतात. पण कायद्याच्या व्याख्येप्रमाणे रिकाम्या वजनात ड्रायव्हर आणि हेल्पर धरलेले नसतात. ते दोघे मिळून दीडशे किलो धरा. आरटीओच्या पासिंगनंतर बसवलेली लोखंडी फ्रेम, ताडपत्री, दोर, जॅक, टॉमी (चाकाचे नट खोलायचा दांडा) असं करत आणखी पन्नास जातात. राहिले अकराशे, म्हणजे 22 गोण्या. वरच्या चार गोण्या कागदावर किरकोळ दिसतात, पण त्या दोनशे किलोंच्या आहेत.

खरी भांडणं होतात ती हौदा रिकामा दिसतो म्हणून. "ताई, गाडी अर्धी मोकळी चाललीय, टाका की अजून!" हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं असेल. थर्माकोल किंवा रिकामी खोकी असतील तर गाडी काठोकाठ भरून वर दोर बांधला तरी वजनाचा प्रश्न येत नाही. वाळूचं तसं नाही. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि तिचं वजन चार ते साडेचार टन. नऊ बाय साडेपाच फुटांच्या हौद्यात सहा इंच वाळू पसरली की एक टन झाला, ओली असेल तर त्याहूनही जास्त. फाळके, म्हणजे हौद्याच्या कडेच्या फळ्या, अजून फूटभर वर दिसत असतात आणि गिऱ्हाईक त्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवत असतं.

सळईचा हिशेब त्यातल्या त्यात सोपा. व्यासाचा वर्ग करा, 162 ने भागा, मीटरमागे किलो मिळतात. 12 मिलीची 12 मीटरची एक सळई पावणेअकरा किलोच्या आसपास भरते, शंभर सळयांत आमची पिकअप संपते. 16 मिलीच्या शंभर म्हणजे एकोणीसशे किलो. त्या कुणी मागितल्या की आम्ही सरळ दोन फेऱ्यांचा भाव सांगतो. ग्रॅनाइटची 18 मिलीची फरशी चौरस फुटाला साडेचार किलोच्या पुढे जाते. रंगाचीही गंमत आहे: 20 लिटरची बादली 20 किलोची असते असं अनेक रंगारी आजही शपथेवर सांगतात, पण रंग पाण्यापेक्षा जड असतो. ऑफिसच्या भिंतीवर अशा मालांची यादी लावली आहे. ती माझ्यापेक्षा आमच्या हेल्परांना जास्त पाठ आहे. यादीत नसलेला माल असेल तर गाडी वजनकाट्यावर घालायची, आधी रिकामी आणि मग भरलेली. पावतीचे पैसे आमचे.

वजन मापात असलं तरी ते कुठे ठेवलंय हे बघावं लागतं. मशीनचा जड भाग मागच्या फाळक्याला टेकवून ठेवला की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगल्यासारखं लागतं. म्हणून जड माल खाली आणि केबिनच्या बाजूला, हलका वर आणि मागे. उतरवायला सोपं पडतं म्हणून हमाल मागेच थप्पी लावू बघतात. त्यांच्याशी रोज गोड बोलावं लागतं, वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरीही, वेळेवर द्यावी लागते.

"पाटा वाढवून घ्या, मग दोन टन पण ओढेल," असा सल्ला देणारे रस्त्यावर पैशाला पासरी मिळतात. पाटा वाढवला की गाडी मागून बसत नाही, एवढंच होतं. अॅक्सल, ब्रेक, चासी तेच राहतात. टायरवर त्याची भारक्षमता कोडमध्ये छापलेली असते. 100 हा आकडा असेल तर ठरलेल्या हवेवर तो टायर 800 किलो पेलतो. पाटा वाढवल्याने त्या 100 चे 110 होत नाहीत. गाडी बसलेली दिसत नाही, त्यामुळे ड्रायव्हरला जादा वजनाची जाणीवही होत नाही, आणि मला यातलं हेच सगळ्यात वाईट वाटतं.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार पुणेकरांना सांगायला नको. तिथले अपघात सगळ्यांनी वाचलेत. वजन दीडपट झालं की त्याच वेगाला ब्रेकला दीडपट ऊर्जा जिरवावी लागते, ती सगळी उष्णता होते, आणि लांब उतारावर तापलेले ब्रेक पकडेनासे होतात. डिझेल वाचवायला तिथे न्यूट्रल टाकणारा ड्रायव्हर आमच्याकडे टिकत नाही, मग तो कितीही जुना असो. बोगद्याच्या आधीच गिअर खाली घ्यायचा. दिवे घाटातही तेच.

दंडाचं म्हणाल तर 1 सप्टेंबर 2019 पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये ओव्हरलोडला 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनाला 2,000, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा खर्च. माल गाडीबाहेर डोकावत असेल तरी 20,000. वजन करून घ्यायला नकार दिला तर 40,000. शहरातल्या एका फेरीत सुटतं काय, आणि त्यापुढे हे आकडे!

या हट्टापायी गिऱ्हाईकं गेली. एक मोठा टाइल्सवाला आमच्या दीड फेरीचा माल दुसऱ्याच्या गाडीतून एकाच फेरीत नेऊ लागला, कारण त्याला भाडं स्वस्त पडत होतं. त्याला थांबवण्यासाठी आम्ही दर उतरवले नाहीत. राहिलेल्यांत मशीनचे सुटे भाग नेणारे कारखानदार जास्त आहेत. त्यांना माल अखंड आणि वेळेवर पोचायला हवा असतो, आणि वजन त्यांच्या मालाच्या चलनावर (मालासोबतच्या कागदावर) आधीच लिहिलेलं असतं.

आता टाइल्स आणि सळईसाठी साडेसात टनांच्या आतली एक मोठी गाडी घ्यायचं चाललंय. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हलक्या वाहनाच्या परवान्यावर 7,500 किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते असा निकाल दिला, त्यामुळे ड्रायव्हरांचा प्रश्न सुटला. आण्णांचं म्हणणं, नवी घ्यावी. मी जुनी बघतेय, पण जुनीचे पाटे आधी मोजून घेणार. रविवार पेठेत आणि बोहरी आळीत ती शिरणार नाहीच. तिथे पिकअपच लागेल, 22 गोण्यांची.