कुंचीचं वजन

बारक्याची कुंची, झबलं आणि दुपटं मिळून १३० ग्रॅम भरतात. त्या सकाळी मी ते तिन्ही कपडे काट्याच्या झोळीत एकटेच टाकून मोजले आणि माझे हातपाय गार पडले.

खटाव तालुक्यातल्या आमच्या गावात मी आशा आहे, म्हणजे घरोघर जाऊन बाळं-बाळंतिणी बघणारी आरोग्य कार्यकर्ती. डिसेंबरचे दिवस होते. सकाळी आठपर्यंत बाहेर पडवत नव्हतं असा गारठा, आणि तिकडे पुसेगावात सेवागिरी महाराजांची यात्रा भरलेली. बाळंतीण पहिलटकरीण, माहेरी आलेली. जुळे मुलगे, सिझर झालेलं, नववा महिना पुरा भरायच्या आधीच. थोरला जन्माला आला तेव्हा २३४० ग्रॅमचा, बारका २०८०. दोघंही अडीच किलोच्या आत, म्हणजे आमच्या भाषेत कमी वजनाची बाळं. सातव्या दिवशी मी गेले तेव्हा बारका १९०० भरला. पहिल्या काही दिवसांत बाळ थोडं उतरतंच. ते दोन आठवड्यांत भरून निघतं, अशक्त बाळाला जरा जास्त लागतात, असं सांगून मी निघाले.

चौदाव्या दिवशी कडाक्याची थंडी होती. मी काटा काढला तशी बाळंतिणीच्या आईने बारक्याला पदराखाली घेतलं. "ताई, कुंची नका काढू. पोराला गारठा लागंल." मलाही ते पटलं. एवढंसं लेकरू, उघडं करून काट्याला लटकवायचं जिवावर आलं. कपड्यांसकट तोललं, २०५० भरलं. कपडे असतील पन्नासएक ग्रॅमचे, असा मनाशी हिशेब केला, वाढतंय म्हणाले आणि पुढच्या घरी गेले. पाजताना बघायचंही राहिलं, कारण दोघंही झोपलेले होते.

एकविसाव्या दिवशी मात्र मी आधी खोलीत शेगडी ठेवायला लावली, दार लोटून घेतलं आणि दोघांचे कपडे उतरवले. थोरला २५१०. बारका १९६०. काटा शून्यावर आणून पुन्हा तोलला. तेवढाच. मग मी कपडे तोलले. म्हणजे मागच्या आठवड्यात तो खरा १९२० होता. दोन आठवड्यांत साठ ग्रॅम. या वयाच्या बाळाने दिवसाला वीस ते तीस ग्रॅम वाढायचं, आणि याची तीन आठवडे झाले तरी जन्माच्या वजनाशी गाठ पडली नव्हती.

बारक्याचे पाय गार लागले. काखेत थर्मामीटर लावला तर ९७ च्या जरा खाली. श्वास मिनिटभर मोजला, तो ठीक होता. छाती आत ओढली जात नव्हती. कालच्या सकाळपासून लंगोट किती ओले झाले विचारलं. बाळंतीण बोटांवर मोजत राहिली. "थोरल्याचे लई झाले. याचे चार. नाहीतर पाच." दिवसरात्रीत सहा तरी व्हायला हवेत.

मी लगेच आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, साताऱ्याला पाठवू, १०२ ची गाडी येतेय, तोवर बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने लावा आणि काहीतरी पाजून निघा. मग मी ते केलं जे चौदाव्या दिवशीच करायला हवं होतं. भिंतीला टेकून बसले आणि पाजताना बघत राहिले.

त्या घरात घड्याळावर पाजणं चाललं होतं. मामाने मोबाइलमध्ये गजर लावून दिला होता, प्रत्येकाला वीस मिनिटं. उजवी बाजू थोरल्याची, डावी बारक्याची, म्हणजे कुणावर अन्याय नको. थोरल्याने उजवीकडे भरभरून ओढलं. गिळतानाचा आवाज मला बसल्या जागी येत होता. मग डावीकडे बारका. त्याने नुसतं बोंड तोंडात घेतलं, मागचा काळा भाग सगळा बाहेर. गालाला खळ्या पडत होत्या. चार-पाच वेळा ओढलं, एकदा गिळलं, आणि डोळे मिटले. तोंड हलत होतं, पण गिळणं नव्हतं. वीस मिनिटांनी गजर झाला. बाळंतिणीने त्याला खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पिलं बघा पोटभर."

तिचं खोटं नव्हतं. तिला खरंच तसं वाटत होतं. मुलगा छातीला, गजर झालेला, मुलगा झोपलेला; पोट भरलं म्हणून झोपला की ताकद संपली म्हणून, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. मीही नाही.

तेवढ्यात तिच्या आईने दिवाणाखालून पावडरचा डबा काढला. सील तसंच होतं. "लेकीला दूधच पुरंना हो. दोघांला कुठनं पुरायचं? तुम्ही रागवाल म्हनून झाकून ठेवलाय." मी रागावले नाही. त्या माउलीने आपल्या लेकीसाठी अळीव, डिंकाचे लाडू, शेपू, बाजरीची भाकरी, जे जे म्हणून करता येईल ते केलं होतं. डब्याचं सातारला डॉक्टर सांगतील तसं करू, एवढंच बोलले. पण 'दूध पुरत नाही' हे वाक्य बाळंतिणीसमोर उच्चारू नका, हे हात जोडून सांगितलं. दोन्ही बाजू मी हाताने पाहिल्या होत्या. थोरला पिऊन उठला तरी उजवी भरलेली लागत होती, डावी मऊ पडलेली. दूध जितकं निघतं तितकं बनतं. बारका डावीकडून काढतच नव्हता, म्हणून डावीकडचं कमी होत चाललं होतं, आणि कमी होत चाललं म्हणून त्याला आणखी कष्ट पडत होते.

वाटी-चमचा उकळून घेतला. अंगठा काळ्या भागाच्या वरच्या कडेला, दोन बोटं खाली, आधी छातीकडे रेटायचं, मग दाबून सोडायचं, बोटं कातडीवर घसरू द्यायची नाहीत. पहिली पाच मिनिटं थेंब थेंब. मग धार लागली. उजवीकडून वाटीचा तळ झाकला गेला. दोन किलोच्या बाळाला एका वेळेला लागतं तरी किती, तीसएक मिली, चहाचे सहा चमचे. बारक्याला अर्धवट बसतं धरून ओठाच्या कडेला चमचा टेकवला. त्याने जीभ बाहेर काढून चाटलं. चार चमचे गेले.

गाडी आली. बाळंतिणीच्या उघड्या छातीवर बारका, वरून तिच्या आईचं लुगडं गुंडाळून घट्ट बांधलेला, त्यावर शाल. थोरला माझ्याकडे.

पुसेगावात रस्ता गच्च. रथाचाच दिवस होता. नोटांच्या माळांनी मढलेला तो रथ मी दर वर्षी डोळे भरून बघते, त्या दिवशी मान वर केली नाही. गाडी पुढे सरकेना. ड्रायव्हर उतरून लोकांना हात करत होता, पोरं पुढे पळून वाट मोकळी करत होती, पण एवढ्या गर्दीला हलायलाही जागा लागते. आणि थोरला भुकेने टाहो फोडायला लागला.

मी विचार करून केलं असं सांगणार नाही. बारका तिच्या उजव्या अंगाला टेकला होता, म्हणून थोरल्याला डावीकडे लावलं, बगलेतून, पाय पाठीमागे करून. त्याने नेहमीच्या जोराने ओढायला सुरुवात केली. मिनिटभरात ती दचकून म्हणाली, "ताई, हिकडनं पण गळाया लागलं." उजवीकडून दूध आपसूक ठिबकत होतं, बारक्याच्या गालावर. पान्हा एका बाजूला फुटत नाही, दोन्हीकडे फुटतो. हे मला पाठ होतं, प्रशिक्षणात ऐकलेलं. पण त्याचा उपयोग कुठे करायचा ते तिथे कळलं.

बारक्याची मान हातात धरून, त्याचं तोंड मोठं उघडेपर्यंत थांबून त्याला उजवीकडे लावला. या वेळी काळा भागही आत गेला. ओढायचं काम थोरल्याने करून ठेवलेलं, याला नुसतं गिळायचं होतं. गुटुक. परत गुटुक. मी मोठ्याने मोजायला लागले. बाहेर ढोल वाजत होते, आणि आत आम्ही दोघी मोजत होतो. चौदापर्यंत गेलो तेव्हा ती रडत होती. मीही.

वर्धनगडचा घाट, कोरेगाव, सातारा. जिल्हा रुग्णालयात रक्त तपासलं, साखर बघितली, कावीळ बघितली. जंतुसंसर्ग नव्हता. तीन दिवस आई आणि दोन्ही बाळं तिथेच राहिली. तिथल्या सिस्टरने माझी रस्त्यातली हकिगत ऐकून घेतली आणि तेच पुढे चालू ठेवलं: दोघांना एकाच वेळी, दर खेपेला बाजू बदलून, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा उठवून. पिऊन झालं की राहिलेलं दूध हाताने काढायचं आणि वाटीचमच्याने बारक्याला. ते शेवटी निघणारं दूध जास्त साईचं असतं. डॉक्टरांनी डबा नाकारला नव्हता. वजन हललं नाही तर वरचं दूध सुरू करू, असं स्पष्ट सांगितलं होतं. ती वेळ आली नाही. आली असती तरी मी त्यांच्याबरोबरच उभी राहिले असते, कारण बाळ वाढणं महत्त्वाचं.

गजर बंद करायला मीच मामाला सांगितलं. आता ती गिळणं मोजते.

अठ्ठाविसाव्या दिवशी मी गेले तर दार आधीच लोटलेलं, शेगडी पेटलेली. मी पिशवीतून काटा काढेपर्यंत बाळंतिणीच्या आईने बारक्याला मांडीवर घेऊन कुंचीचा बंद सोडला होता. झबलं काढलं, लंगोट काढला, हातांनी त्याचे पाय चोळून ऊब दिली आणि उघडं लेकरू माझ्या झोळीत ठेवलं.

"बघा ताई," त्या म्हणाल्या, "आता त्याचं एकट्याचं बघा."

२१५० भरला.