एसी बंद, उंदीर खूश

रात्री कधीतरी ॲनिमल हाऊसचा, म्हणजे प्रयोगाचे उंदीर ठेवतो त्या खोलीचा, एसी गेला. सकाळी दार उघडलं तर आत २९ अंश, म्हणजे थेट दादरच्या पुलावरची हवा. तीन आठवड्यांचा प्रयोग बोंबलला!

बोंबललाच म्हणा. पण उंदीर किती ऑक्सिजन वापरतात त्याचा स्क्रीनवरचा आलेख बघून हसू आलं. एसी गेल्यापासून रेघ उताराला लागलेली. खोली २२ अंशांवर ठेवतो ती आपल्या सोयीसाठी. एवढ्याशा उंदराला ती थंडीच. त्याला बरं वाटतं ३० च्या आसपास. म्हणून एरवी बिचारा खाल्लेल्यातलं बरंचसं नुसतं अंग गरम ठेवण्यात जाळतो. खांद्यांमधली तपकिरी चरबी त्यासाठीच. तिच्यातलं यूसीपी१ नावाचं प्रथिन ऊर्जा सरळ उष्णता म्हणून सोडून देतं.

रोज कागदाच्या कपट्यांत नाक खुपसून गोळा होऊन झोपणारा चार नंबर आज घरट्याबाहेर पोट टेकून ऐसपैस पसरला होता. पिंजरे बघणारे मामा म्हणाले, "मॅडम, ह्याला मुंबई मानवली."

सरांना अजून सांगितलेलं नाही. आधी चहा.