जेएसओ म्हणून रुजू होताना: अर्जापासून पहिल्या शेड्यूलपर्यंत

पदवीनंतर केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यात जायचे दोन रस्ते आहेत. एक, यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा. दुसरा, स्टाफ सिलेक्शन कमिशनची सीजीएल, म्हणजे पदवीधरांसाठीची एकत्रित परीक्षा, देऊन कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी होणे, म्हणजे सगळे ज्याला जेएसओ म्हणतात ते पद. मी दुसऱ्या रस्त्याने आलो. या रस्त्याविषयी कुठेही विचारले की बोलणे टियर-१ च्या, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या, कटऑफभोवतीच फिरत राहते. माझ्या अनुभवात खरा निकाल दोन ठिकाणी लागतो: सांख्यिकीच्या पेपरात आणि कागदपत्रांच्या फाइलीत. त्यानंतरची सगळी नोकरी मात्र लोकांच्या दारात उभे राहून प्रश्न नीट विचारण्याची आहे, आणि त्याची तयारी कुणीच करून घेत नाही.

आधी एक घोळ मिटवतो. आपल्या जिल्ह्यातले जिल्हा सांख्यिकी कार्यालय राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे असते. तिथली अन्वेषक, सांख्यिकी सहायक ही पदे राज्याच्या भरतीतून भरली जातात. जेएसओ हे केंद्राच्या सांख्यिकी आणि कार्यक्रम कार्यान्वयन मंत्रालयाच्या अधीनस्थ सांख्यिकी सेवेतले पद आहे. नेमणूक देशात कुठेही होऊ शकते आणि बदलीही. ज्याला जिल्हा सोडायचाच नाही, त्याने हे अर्जाआधी घरी बोलून घ्यावे.

पात्रतेची अट वाचताना घाई नको. कोणत्याही विषयातली पदवी चालते, पण सोबत दोनपैकी एक गोष्ट लागते: बारावीला गणितात किमान ६० टक्के, किंवा पदवीला सांख्यिकी हा एक विषय. हे ६० टक्के गणित या एका विषयाचे आहेत, एकूण टक्केवारीचे नाहीत. बारावीला एकूण ८२ टक्के आणि गणितात १०० पैकी ५८ असतील, तर या दाराने प्रवेश नाही; मग पदवीच्या गुणपत्रिकेत सांख्यिकी हवे. तेही गुणपत्रिकेवर त्या नावाने छापलेले असेल तर प्रश्नच येत नाही. दुसऱ्या नावाच्या विषयात सांख्यिकीची दोन प्रकरणे होती, एवढ्यावर विसंबून राहू नये. त्याच जाहिरातीत सांख्यिकी अन्वेषक श्रेणी-२ हे पदही असते. त्याची अट आणखी कडक आहे: सांख्यिकी तिन्ही वर्षे, म्हणजे सहाही सत्रांत, शिकलेली हवी.

अर्जाआधी वन टाइम रजिस्ट्रेशन करावे लागते आणि त्यात नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे घालायचे असते. महाराष्ट्रात नेमकी इथेच गडबड होते. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. आधारवर बहुतेकांचे स्वतःचे नाव आधी. विद्यापीठाच्या पदवीवर कधी तिसराच क्रम. क्रम बदलला म्हणून कुणी बाद होत नाही, पण स्पेलिंग बदलले तर प्रतिज्ञापत्र मागतात. मी अर्जाच्या आधीच दहावी, बारावी, पदवी, आधार आणि जातीचा दाखला अशी पाच कागदे शेजारी ठेवून इंग्रजी स्पेलिंगचे एकेक अक्षर ताडून पाहिले. या कामाला अर्धा तास लागतो. हेच काम पडताळणीच्या वेळी निघाले, तर दुरुस्तीच्या चकरांत आठवडे जातात. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्रातली नोंद किंवा विवाह नोंदणीचा दाखला आधीच हाताशी ठेवावा.

आता परीक्षा. २०२२ च्या सीजीएलपासून ती दोन टियरची आहे आणि मीही त्याच पद्धतीने दिली. टियर-१ मध्ये ६० मिनिटांत १०० प्रश्न, २०० गुण, चुकीला अर्धा गुण वजा. हे गुण पुढे धरत नाहीत, फक्त टियर-२ चे दार उघडते. टियर-२ च्या पेपर-१ मध्ये गणित, बुद्धिमत्ता, इंग्रजी आणि सामान्यज्ञान मिळून ३९० गुण. एका प्रश्नाला ३ गुण, चुकीला १ वजा. जेएसओसाठी याच्या जोडीला पेपर-२, म्हणजे सांख्यिकी: १०० प्रश्न, २०० गुण, २ तास. गुणवत्ता यादी दोन्ही पेपरांच्या बेरजेवर लागते. म्हणजे ५९० पैकी २०० गुण एकट्या सांख्यिकीचे, आणि बारावीच्या गणिताच्या जोरावर पात्र ठरलेले कितीतरी जण तो पेपर जेमतेम दोन आठवडे वाचून देतात. सांख्यिकी मनापासून शिकलेल्या उमेदवाराला पुढे निघण्याची जागा हीच आहे.

अभ्यासक्रम बारावीच्या सरासरी आणि विचलनापासून सुरू होऊन परिघात (मोमेंट्स), सहसंबंध, समाश्रयण (रिग्रेशन), संभाव्यता, वितरणे, नमुना निवड, अनुमान, प्रसरण (व्हेरिअन्स) विश्लेषण, कालमालिका आणि निर्देशांक इथपर्यंत जातो. एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद मिळतात. प्रश्न अवघड नसतात, फसवे असतात. उदाहरण घ्या. समष्टी, म्हणजे ज्यातून निवडायचे तो सगळा गट, १०० एककांची, परत न ठेवता निवडलेला नमुना २० चा, समष्टीचे एस-वर्ग, म्हणजे १०० ऐवजी ९९ ने भागून काढलेले प्रसरण, ५०. नमुन्याच्या सरासरीचे प्रसरण किती? घाईत ५० ला २० ने भागून २.५ असे उत्तर येते, आणि असा पर्याय समोर दिलेलाही असतो. पण परत न ठेवता निवड असल्याने १ वजा २० भागिले १००, म्हणजे ०.८ ने गुणायला हवे. उत्तर २. हाच प्रश्न परत ठेवून निवड असा फिरवला, तर एस-वर्गाऐवजी सिग्मा-वर्ग, म्हणजे १०० ने भागून काढलेले प्रसरण, लागतो: ५० ला ९९ भागिले १०० ने गुणून ४९.५, आणि त्याला २० ने भागून २.४७५. एका शब्दावर तीन वेगळी उत्तरे. समाश्रयणातही तसेच. सहसंबंध काढताना दोन्ही समाश्रयण गुणक उणे ०.८ आणि उणे ०.४५ असतील तर गुणाकार ०.३६, वर्गमूळ ०.६, आणि चिन्ह उणे. ते उणे विसरले की प्रश्न गेला. म्हणून सूत्रांची वही करण्यापेक्षा प्रत्येक सूत्राखाली 'हे कधी लागू होत नाही' अशी एक ओळ लिहिण्याचा मला जास्त उपयोग झाला. निर्देशांकांच्या सूत्रांत लास्पेअर पायाभूत वर्षाचे नग धरतो, पाश्चे चालू वर्षाचे आणि फिशर दोघांचा भूमितीय मध्य, एवढे पक्के असले की त्या भागातले बरेच गुण हातात येतात.

पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नाही. मराठी माध्यमातून सांख्यिकी शिकलेल्यांनी संज्ञांचा इंग्रजी तक्ता पहिल्याच दिवशी भिंतीवर लावावा.

पेपर-१ ला जोडून संगणक ज्ञानाची १५ मिनिटांची चाचणी आणि १५ मिनिटांची डेटा एंट्री चाचणी असते. दोन्ही फक्त पात्रतेपुरत्या, पण त्यांत अडकलेल्याचा पुढे विचार होत नाही. टायपिंगला १५ मिनिटांत २००० कळा दाबायच्या, मिनिटाला सुमारे १३३. वेग काही मोठा नाही. अडचण येते ती केंद्रावरच्या जाड, उंच कळांच्या कीबोर्डमुळे. लॅपटॉपच्या सपाट कळांवर सराव केलेली बोटे तिथे एक कळ चुकवतात आणि पुढचा शब्द बिघडतो. साधा वेगळा कीबोर्ड जोडून रोज एक उतारा, महिनाभर; तेवढे पुरते.

पदांचा पसंतीक्रम अंतिम निकालाआधी ठराविक दिवसांत ऑनलाइन भरून घेतात. तो भरला नाही तर निवडीसाठी विचारच होत नाही, आणि एकदा पक्का केला की बदलता येत नाही. वरच्या पसंतीचे पद मिळण्याइतके गुण असतील तर तेच मिळते, जेएसओपर्यंत नंबर येत नाही. ज्याला खरेच आकड्यांत काम करायचे आहे त्याने जेएसओ वर लिहावे. 'पगार कुठे जास्त' या यादीची नक्कल करून क्रम भरू नये.

मग कागदपत्रे. इथे आपल्याकडच्या मुलांचे सर्वाधिक नुकसान राखीव प्रवर्गाच्या दाखल्यावरून होते. केंद्राला ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातच लागतो. राज्याच्या नमुन्यातला नॉन-क्रिमीलेयर दाखला चालत नाही, आणि जात वैधता प्रमाणपत्र जोडले तरी ही उणीव भरून निघत नाही. राज्यातले विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास हे वेगळे प्रवर्ग केंद्रात त्या नावाने नाहीत. तिथली जात केंद्राच्या कोणत्या यादीत आहे ते आधी पाहावे लागते. राज्याच्या एसईबीसीलाही (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) केंद्रात तसा प्रवर्ग नाही. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचा, दाखला आर्थिक वर्षाला बांधलेला असतो, मागच्या वर्षीचा चालत नाही. दाखला कोणत्या तारखांच्या दरम्यानचा हवा ते जाहिरातीत लिहिलेले असते. ते परिच्छेद दोनदा वाचून, तारखा कागदावर लिहूनच मी तहसील गाठले. तिथे अर्ज देताना 'केंद्र शासनाच्या नमुन्यात' हे शब्द तोंडी सांगून भागत नाही, अर्जावर लिहावे आणि हाती आलेला दाखला खिडकीपासून हलण्याआधी वाचावा.

निवड झाल्यावर नियुक्तीच्या प्रस्तावासोबत अटेस्टेशन फॉर्म येतो. त्यात गेल्या पाच वर्षांतले पत्ते, शाळा-कॉलेजे, आधीच्या नोकऱ्या आणि पोलीस प्रकरणांची माहिती मागतात. माहिती खोटी दिली किंवा दडवली तर ती अपात्रता समजली जाईल, असे फॉर्मच्या माथ्यावरच छापलेले असते. आंदोलनात नाव आलेले किरकोळ प्रकरण असले, पुढे मिटले असले, तरी लिहावे. नोंद सापडण्यापेक्षा ती लपवल्याचे सापडणे फार जड जाते. अभ्यासासाठी शहरात खोली घेतलेल्यांनी तो पत्ताही द्यावा, कारण पोलीस पडताळणी पत्त्यागणिक होते. वैद्यकीय प्रमाणपत्र सिव्हिल सर्जनचे लागते. जिल्हा रुग्णालयात त्यासाठी ठरलेले वार असतात, ते आधी विचारून जावे. आधीपासून सरकारी नोकरीत असलेल्यांनी अर्ज करतानाच कार्यालयाला कळवावे आणि निघताना तांत्रिक राजीनामा, म्हणजे दुसऱ्या सरकारी पदावर जाण्यासाठीचा, द्यावा. साधा राजीनामा दिला तर मागची सेवा आणि वेतनसंरक्षण दोन्ही धोक्यात येते.

रुजू होण्याचा दिवस सह्यांचा: हजर अहवाल, राज्यघटनेशी निष्ठेची शपथ, वैवाहिक स्थितीचे घोषणापत्र, मूळ गावाचे घोषणापत्र, मालमत्तेचे विवरण, निवृत्तिवेतनाची नोंदणी, नामनिर्देशने. मूळ गाव विचार करून लिहावे, कारण पुढची रजा प्रवास सवलत त्यावरच चालते. वेतनस्तर ६, मूळ वेतन ३५,४०० रुपये, वर महागाई भत्ता. घरभाडे भत्ता मुंबई-पुण्यात मूळ वेतनाच्या ३० टक्के, नागपूर-नाशिकसारख्या शहरांत २०, इतरत्र १०. परिविक्षा (प्रोबेशन) दोन वर्षांची.

बहुतेकांना प्रत्यक्ष सर्वेक्षणे करणाऱ्या क्षेत्रीय कार्य विभागाचे, म्हणजे एफओडीचे, प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालय मिळते. कामे बरीच असतात. बाजारभाव घेताना दर वेळी तेच दुकान, तोच वाण, तेच माप धरावे लागते, नाहीतर भाव बदलला की माल बदलला हेच कळत नाही. कारखान्यांच्या वार्षिक पाहणीत ताळेबंद वाचता यावा लागतो. पण खरी शाळा म्हणजे श्रमबल सर्वेक्षण, पीएलएफएस: किती लोक कामावर आहेत किंवा काम शोधत आहेत, याची मोजणी. जानेवारी २०२५ पासून त्याची आखणी बदलली; एप्रिल २०२५ पासूनचे आकडे दरमहा येतात आणि निवडलेल्या कुटुंबाला लागोपाठ चार महिने भेटावे लागते.

टॅबलेटवर शेड्यूल, म्हणजे सर्वेक्षणाची प्रश्नावली, उघडले की मागच्या सात दिवसांची चौकशी येते. आठवड्यातल्या एका दिवशी एक तास जरी काम केले, तरी ती व्यक्ती त्या आठवड्यापुरती कामावर धरली जाते. आता दारात एक बाई उभी आहे. 'तुम्ही काम करता का?' असे विचारले की उत्तर ठरलेले: 'नाही, मी घरीच असते.' घाईतला माणूस इथेच कोड ९२ टाकतो, फक्त घरकाम. त्याऐवजी काल सकाळपासून एकेक दिवस मागे जात विचारावे. गुरांचे कोण करतं? दूध कोण काढतं, डेअरीला जातं का? रानात कोण गेलं होतं? मग कळते की दोन म्हशींचे सगळे त्याच करतात आणि दूध डेअरीला जाते, नवऱ्याच्या नावावर. हा घरच्या उद्योगातला बिनपगारी मदतनीस, कोड २१, आणि ही बाई श्रमबलात आली. फक्त सरपण आणि चारा गोळा करून आणत असत्या, तर ९३. तिन्ही वेळा बाईंचे पहिले उत्तर तेच होते. देशातल्या स्त्रियांच्या श्रमसहभागाचा आकडा वर जातो की खाली, हे अशा हजारो उंबरठ्यांवर ठरते, आणि म्हणून मला या कामाची एवढी ओढ आहे.

प्रश्न सुचवून विचारू नये, ही त्याचीच दुसरी बाजू. 'शेतात जात असाल ना?' म्हटले की समोरचा माणूस भिडेखातर हो म्हणतो. काय केले ते विचारावे, कोड आपण लावावा. घर बंद असले तर शेजारच्याला विचारून शेड्यूल भरू नये आणि सोयीचे घर परस्पर घेऊ नये. बदली कुटुंब घ्यायचे नियम आहेत, त्याचे कारणही नोंदवावे लागते. निवडीत आलेले बंद घर बहुधा दिवसभर कामाला गेलेल्यांचेच असते. ते वगळले, तर मोजायचे होते तेच हातून निसटते.

पहिल्या भेटीत आणखी दोन गोष्टी टिपून घ्याव्यात: घरातल्या दोन माणसांचे फोन नंबर, आणि घराची कायम टिकणारी खूण. रंग किंवा दारासमोर उभी गाडी नको; देऊळ, विहीर, विजेची डीपी असे काहीतरी. पुढचे तीन महिने त्याच दारात जायचे असते, आणि सामान्यतः पुरुष माणसे घरी असतात ती सकाळी नऊच्या आत किंवा दिवेलागणीनंतर.